लाकडी नळ आणि त्यांच्या गिरण्या

ठाण्याच्या वायव्येस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, वर्तकनगर नावाची वसाहत आहे. तिच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव पोखरण रस्ता. रस्त्यास हे नाव तळ्यावरून मिळाले, आणि तळ्याच्या नावात 'पुष्करिणी' हा जुना शब्द दडलेला असावा. संस्कृत पुष्करिणीचे प्राकृतात 'पोक्खरणी' होते, आणि पोक्खरणीची पोखरण होण्यास फारसे अंतर नाही. 1880 च्या सुमारास ठाणे शहरासाठी नळाच्या पाण्याची जी योजना झाली ती ह्याच पोखरण तळ्याची. पण व्युत्पत्ती काही असो, सामान्य माणसाच्या कानास ह्या नावात ऐकू येते ते 'पोखरणे' हे क्रियापदच. आणि ज्याने हा रस्ता दर उन्हाळ्यात उकरलेला पाहिला आहे तो ह्या लोकव्युत्पत्तीस खोटी म्हणावयास सहसा धजणार नाही.

अशाच एका खणलेल्या चराच्या काठी एका संध्याकाळी शेजारचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी उभे होतो. चरात जुना बिडाचा नळ उघडा पडला होता. अंगावर गंजाचे पापुद्रे धरलेले. मुलाने विचारले, "काका, लोखंडाच्या आधी नळ कशाचे असायचे?" मी म्हटले, "कुठे मातीचे, कुठे दगडाचे, कुठे शिशाचे, आणि पुष्कळ ठिकाणी लाकडाचे." लाकडाचे म्हणताच तो हसला. "लाकूड कुजत नाही का?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो इतका रास्त होता की मोठ्यांसही प्रथम तोच सुचावा. मी त्याची दोन वाक्यांत बोळवण केली. पण ही गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नव्हे, हे घरी येता येता माझ्या ध्यानात आले. शेकडो वर्षे मोठमोठ्या शहरांची तहान ज्यांनी भागविली ते नळ लाकडाचे होते. ते पोखरण्याच्या गिरण्या खेडोपाडी ओढ्यांच्या काठी चालत. आणि आज त्यांतली एकही गिरणी उभी असलेली सहसा आढळावयाची नाही.

प्रथम त्या मुलाच्या शंकेचे निरसन करू. लाकूड कुजते खरे, परंतु ते पाण्याने कुजत नाही. ओल आणि हवा ह्या दोहोंचा संयोग झाला म्हणजे बुरशी वाढते आणि लाकूड कुजू लागते. जे लाकूड सदैव कोरडे राहते ते टिकते, आणि जे सदैव पाण्यात बुडालेले राहते तेही टिकते. नाश होतो तो आज ओले, उद्या कोरडे अशा लाकडाचा. विहिरीच्या तळाशी घातलेले लाकडी कडे पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहते आणि अंगणातला खांब मात्र जमिनीच्या पातळीशीच पोकळ होतो, हे आपल्याकडील सुतारांस कोणी शिकवावे लागत नाही. लाकडी नळाची सारी विद्या ह्या एका गोष्टीवर उभी होती. नळ पुरलेला असावा, आणि त्यातले पाणी खंडू नये. शिवाय पाणी पिऊन लाकूड फुगते, आणि फुगले की सांधे आपोआप घट्ट होतात. कोरडेपणी झिरपणारा नळ चार दिवसांत स्वतःच स्वतःची गळती बुजवितो. लोखंडास हा गुण नाही.

नळ करावयाचा तो ओल्या, नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याचा. सुकलेले लाकूड पोखरणे जड, आणि ते उकलण्याचीही धास्ती. हाताने काम करणारे कारागीर ओंडका दोन घोड्यांवर पक्का बसवीत आणि लांब दांड्याचे, आडव्या मुठीचे गिरमिट त्याच्या गाभ्यात फिरवीत. अर्धे अंतर एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने भोक पाडावयाचे, आणि ती दोन्ही भोके मध्यभागी नेमकी एकमेकांस भेटावयाची. त्यात कारागिराची कसोटी असे. पहिल्या बारीक भोकानंतर अधिकाधिक रुंद पात्यांची हत्यारे घालून पोकळी वाढवीत. मग एक टोक तासून निमुळते करावयाचे आणि दुसऱ्या टोकाचे तोंड आतून रुंदवावयाचे, म्हणजे एका नळाची चोच पुढच्याच्या मुखात ठोकून बसविता येते. मुखाचे टोक फुटू नये म्हणून त्यास लोखंडी कडे. तयार झालेले नळ पुरण्याची वेळ येईपर्यंत तळ्यात बुडवून ठेवीत; उन्हात राहिले तर तडकावयाचे.

हे काम मनुष्यबळाने किती कष्टाचे होत असेल ते सांगावयास नको. म्हणूनच ते ओढ्याच्या पाण्यावर सोपविण्याची कल्पना फार लवकर निघाली. गेओर्ग ॲग्रिकोला ह्या जर्मन पंडिताचा खाणींवरचा विख्यात लॅटिन ग्रंथ 1556 साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, बाझल येथे प्रसिद्ध झाला. त्यातील खाणीतले पाणी उपसण्याच्या पंपांचे नळ म्हणजे पोखरलेली झाडेच; आणि असे ओंडके पोखरणारे, पाणचक्राने फिरणारे यंत्र त्यात चित्रासह दिले आहे. ह्या अवघड ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1912 साली ज्या दांपत्याने केले त्यातला पती हर्बर्ट हूव्हर हा पुढे 1929 साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला. राज्यकर्त्यांनी लिहिलेली पुस्तके पुष्कळ असतात. परंतु लाकूड कसे पोखरावे हे चार शतकांपूर्वीच्या लॅटिनमधून नेटाने समजून घेणारा राज्यकर्ता विरळा. असो. जॉन एव्हलिन ह्याने 1664 साली इंग्लंडातील वृक्षांवर जो ग्रंथ लिहिला त्यातही नळ पोखरण्याच्या यंत्रास जागा मिळाली. तेव्हा अशी गिरणी ही कोणा एकाची चमत्कृती नव्हती. जेथे रान आणि वाहते पाणी जवळजवळ होते तेथे ती उभी राहिलेली होती.

तिची रचना तशी साधी. पाणचक्राच्या आसास लांब गिरमिट जोडलेले. समोर ओंडका एका सरकत्या गाड्यावर साखळदंडाने जखडलेला. आणि तो गाडा हळूहळू गिरमिटाकडे पुढे सरकावयाचा. मधूनमधून गाडा मागे घेऊन आतला चुरा काढावयाचा. बहुधा अशा ठिकाणी त्याच पाण्यावर फळ्या कापण्याचा करवत चाले, कोठे तेल्याची घाणी चाले, कोठे दळणही होई. नळ पोखरणे हे त्या ओढ्याच्या अनेक कामांपैकी एक. अशा गिरणीस स्वतंत्र नाव नसे आणि स्वतंत्र इतिहासही नसे, ह्याचे एक कारण हेच असावे.

ह्या नळांचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे लंडन शहर. ह्यू मिडलटन नावाच्या सोनाराने हर्टफर्डशायरातील झऱ्यांचे पाणी सुमारे 40 मैलांच्या वळणावळणाच्या पाटाने लंडनच्या वेशीपर्यंत आणले. पैसा अपुरा पडला तेव्हा राजा पहिला जेम्स ह्याने अर्धा खर्च उचलला आणि अर्धा नफा लिहून घेतला. 1613 सालच्या सप्टेंबर महिन्यात हे पाणी शहराच्या हौदात पडले. ह्या पाटास 'न्यू रिव्हर' म्हणजे नवी नदी असे नाव मिळाले. वास्तविक ती नवीही राहिली नाही आणि नदीही कधी नव्हती. हौदापासून पुढे घरोघर पाणी गेले ते एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून. एल्मचे लाकूड आडव्यातिडव्या तंतूंचे, सहसा न उकलणारे, आणि सतत ओले राहिले तर दीर्घायुषी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ह्या एका कंपनीचेच लाकडी नळ सुमारे 400 मैल लांबीचे होते असे सांगतात.

ह्या व्यवस्थेची खोड अशी की झाडाच्या जाडीबाहेर नळ जाऊ शकत नाही. आठ-दहा इंचांहून मोठी पोकळी असलेला नळ मिळेना, म्हणून मागणी वाढली की त्याच रस्त्यात पहिल्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा अशा ओळी पुरीत. गळतीही थोडीथोडकी नव्हती. सुमारे चौथा हिस्सा पाणी जमिनीत मुरे. पाणी सुटावयाचे ते आठवड्यातून ठराविक दिवशी, ठराविक तास. ठाण्याच्या ज्या गृहिणींनी पहाटे उठून पिंपे भरली आहेत त्यांस सतराव्या शतकातील लंडनच्या गृहिणीची दिनचर्या वेगळी समजावून सांगावयास नको.

आगीच्या वेळी मात्र लाकडी नळाचा एक गुण उपयोगी पडे. रस्ता उकरून नळ उघडा करावयाचा, त्यास भोक पाडावयाचे, खड्ड्यात साचलेले पाणी बादल्यांनी उपसून आगीवर टाकावयाचे, आणि आग विझल्यावर भोकात लाकडी खुंटी ठोकून माती लोटावयाची. पुढच्या खेपेस ती खुंटीच उपटली की झाले. पुढे लोखंडी नळ आले, बंबासाठी तोट्या बसल्या. पण अमेरिकन लोक बोलण्यात त्या तोटीस अजूनही 'फायरप्लग' म्हणजे आगीची खुंटी म्हणतात. नळ गेला आणि खुंटी शब्दात अडकून राहिली. 1666 च्या मोठ्या आगीत घाबरलेल्या लोकांनी जागोजाग नळ फोडल्यामुळे पुढच्या वस्तीस पाणीच पोहोचेना, अशी तक्रार झाली. म्हणजे हा उपाय जितका सोपा तितकाच घातकही होता.

इंग्लंडात हे सारे शहरासाठी झाले. अमेरिकेत ते खेड्यातून झाले. तेथे रान अफाट, लोखंड महाग आणि पाण्याचे ओढे पावलोपावली. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम ह्या मोरेव्हियन पंथीयांच्या लहानशा वसाहतीत 1755 च्या सुमारास ओढ्याच्या शक्तीवर चालणारा पंप बसला, आणि त्याने वर चढविलेले पाणी हेमलॉक वृक्षाच्या पोखरलेल्या खोडांतून गावात गेले. मोठे शहर म्हणून न्यूयॉर्कची गोष्ट अधिक रंजक आहे. 1798 च्या साथीनंतर शहरास चांगले पाणी हवे ह्या सबबीवर ॲरन बर ह्या मुत्सद्द्याने 1799 साली मॅनहॅटन कंपनीची सनद मिळविली, आणि तीत उरलेले भांडवल वाटेल त्या व्यवहारात गुंतविण्याची मुभा देणारे एक निरुपद्रवी दिसणारे कलम घालून घेतले. त्या कलमाच्या बळावर कंपनीने त्याच वर्षी पेढी उघडली. पाण्यासाठी पाइनचे ओंडके पोखरून पुरले खरे, पण जीव होता तो पेढीत. शहरास पुरेसे पाणी मिळाले ते पुढे 1842 साली क्रोटनच्या कालव्याने. पेढी मात्र वाढत वाढत जगातील बड्या पेढ्यांत जाऊन मिळाली. पाण्याच्या नावाने काढलेल्या संस्थांचे असे पुढेही झालेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, लोखंडी नळ सर्वत्र पसरू लागल्यावर, लाकडी नळास एकदा अनपेक्षित संजीवनी मिळाली. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा ह्या गावच्या वायकॉफ नामक कारागिराने 1855 साली एका नव्या गिरमिटाचे पेटंट घेतले. जुने गिरमिट गाभ्याचा भुसा करून टाकी. हे पोकळ गिरमिट गाभा अखंड बाहेर काढी, आणि त्या गाभ्याचा पुन्हा लहान नळ करता येई. पुढे अशा नळांस बाहेरून लोखंडी पट्टी सर्पाकार गुंडाळून, वर डांबर चोपडून, भुश्यात लोळवून बाजारात पाठविण्याची रीत पडली. मिशिगन राज्यात बे सिटीसारख्या लाकडाच्या पेठांत असे कारखाने निघाले. पश्चिमेकडे तर पिंपाच्या फळ्यांप्रमाणे लांब फळ्या जोडून, त्यांस लोखंडी कड्यांनी आवळून, पुरुषभर उंचीचे नळ विसाव्या शतकातही घातले गेले. परंतु ते झाड पोखरणे नव्हे. ती जागच्या जागी केलेली जोडणी होती.

मग ह्या गिरण्या गेल्या कशाने? नळ कुजले म्हणून नव्हे. लंडनमध्ये खणताना एल्मचे शाबूत नळ नंतरही निघाले आणि संग्रहालयांत ठेवले गेले. माझ्या मते त्यांस मारले ते दाबाने. जोवर पाणी उतारावरून आपल्या गतीने वाहत होते तोवर लाकूड त्यास पुरेसे होते. वाफेच्या एंजिनाने पाणी जोराने वर लोटण्यास आरंभ केला तेव्हा सांधे सुटू लागले. श्रीमंतांस वरच्या मजल्यावर पाणी हवे झाले, आणि वरचा मजला लाकडाच्या आवाक्याबाहेर होता. बिडाचे नळ काही नवे नव्हते. व्हर्सायच्या कारंज्यांसाठी ते सतराव्या शतकातच घातले गेले होते. पण सांध्याची अडचण सुटली ती 1785 साली, टॉमस सिम्प्सन ह्या लंडनच्या एंजिनियराने एका नळाचे टोक दुसऱ्याच्या घंटेसारख्या मुखात बसवून मधली फट बुजविण्याची युक्ती काढली तेव्हा. गंमत अशी की ही रचना म्हणजे लाकडी नळाचीच चोच आणि मुख. 1810 पासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लंडनने आपले लाकडी नळ उपटून बीड घातले. अमेरिकेत मिशिगनचे पाइनचे रान विसाव्या शतकाच्या आरंभास उजाड झाले, तेव्हा तेथील गिरण्यांचा कच्चा मालच संपला.

गिरणी गेली म्हणजे मागे काय उरते? वर्तकनगरच्या शेजारी ह्याच पोखरण रस्त्यावर 1925 साली सुरू झालेली लोकरीच्या कापडाची मोठी गिरणी होती. 2009 साली ती बंद झाली. आज तिच्या जागी उंच इमारती आहेत, पण तिच्या कापडाचे सूट घातलेले वर अजूनही लग्नाच्या छायाचित्रांत घरोघर टांगलेले आहेत, आणि भोंग्याच्या वेळा सांगणारी माणसे भेटतात. नळाच्या गिरणीचे तसे नाही. तिचा माल तयार होताच मातीखाली जाई. तो चांगला असेल तर कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. जो वाईट निघे तोच काय तो पुन्हा वर येई.

आपल्याकडे अशी गिरणी निघाली नाही, आणि ह्याचा खेद मानण्याचे कारण नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या भिक्षूंनी दगडातच पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत घेतले. तेथील शिलालेखांत टाक्यास 'पोढी' म्हटले आहे. खडकीस राजधानी करणाऱ्या मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे नहर आणली. त्याच शहरातील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, पाणचक्कीचे पाणी डोंगराकडून मातीच्या नळांतून येते आणि उंच भिंतीवर चढून खाली कोसळते. अठराव्या शतकात त्यावर दर्ग्यातील फकिरांचे व यात्रेकरूंचे दळण होई. तिकडे ओढ्यावर चालणारी गिरणी नळ करी, इकडे नळावर चालणारी गिरणी पीठ करी. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजचे पाणी आणले ते चिरेबंदी बांधकामातून. वाटेत ठेवलेल्या हवेच्या धुराड्यांस 'उच्छ्वास' असे सुरेख नाव आहे. आपल्या नळाचा कारागीर सुतार नव्हता, कुंभार आणि गवंडी होता. त्यास कारणेही सबळ आहेत. आठ महिने कोरडी आणि चार महिने चिंब अशा जमिनीत लाकूड टिकावयाचे कसे? जे टिकेल ते वाळवीस पुरले असते. आणि चांगल्या सागास जहाजांची मागणी होती. 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभिली ती ह्याच खाडीवर. पुढे 1860 साली विहारचे पाणी मुंबईस गेले आणि 1892 साली तानशाचे, तेव्हा बिडाचे युग लागलेले होते. लाकडाचा विचार करण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

तरी लाकडाचा नळ आपल्याकडे अजिबात नव्हता असे म्हटले तर कोकण रागावेल. भेरली माडाचे खोड पाण्याच्या पन्हळीस व पोहऱ्यास वापरीत असल्याचे एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनीही नोंदविले आहे. आणि पोफळीची पन्हळ तर मी स्वतः पाहिलेली आहे. माझे आजोळ गुहागरकडचे. तेथे वाडीच्या वरच्या अंगास वहाळ, आणि वहाळापासून पोफळींच्या आळ्यांपर्यंत पन्हळींची रांग. पोफळीचे जून खोड उभे चिरावयाचे. बाहेरची साल पोलादासारखी कठीण, आतला गर मऊ आणि तंतुमय. तो गर वाकसाने ताशीत तासाभरात एक पन्हळ मोकळी होई. मग बेळक्यांवर ती टेकवावयाची, एकीचे तोंड दुसरीच्या पोटात थोडे शिरलेले, सुंभाने आवळलेले. उतार डोळ्यांनीच ठरवावयाचा. पहाटे शिंपण्याच्या वेळी ह्या रांगेतून पाणी निघाले की आम्ही मुले तिच्या बरोबरीने पळत जाऊन शेवटच्या तोंडाशी ओंजळ धरीत असू. हे काम करणारा गडी गावातलाच होता. सारे त्याला दादा म्हणत. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन तेव्हा वाडीत काळे प्लॅस्टिकचे नळ आले, आणि त्यानंतर पन्हळ करण्यासाठी तो आल्याचे मला स्मरत नाही.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो तेव्हा पडवीच्या आढ्याखाली सुंभाने बांधून ठेवलेली एक पन्हळ दिसली. धुराने काळी पडलेली, पण कोरडी राहिल्यामुळे धड. आतल्या बाजूस वाकसाचे घाव एकामागून एक ओळीने उमटलेले होते, जवळजवळ समान अंतरावर. मी तिचे छायाचित्र घेतले आणि ठाण्यास परतल्यावर शेजारच्या मुलास दाखविले. तो बराच वेळ पाहत राहिला. कुजत का नाही, हे ह्या खेपेस त्याने विचारले नाही. "ही कोणी केली?" असे त्याने विचारले. ॲग्रिकोलाचे नाव, मिडलटनचे नाव, वायकॉफचे नाव मला तोंडपाठ होते. मी सांगितले, "दादा म्हणून एक होते." तो म्हणाला, "पण त्यांचं नाव काय होतं?"